कार्बुरेटर की इंजेक्शन? : मालमोटारीच्या इंधनाचे माप

आपल्या संघाच्या सभासदांपैकी ज्यांच्या व्यवसायाचा मालमोटारीशी काहीच संबंध येत नाही असे फार थोडे असतील. कापड असो, भुसार असो, तंबाखू असो वा भांडी असोत, माल गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत विक्री पुरी झाली असे म्हणता येत नाही. मोठ्या पल्ल्याची वाहतूक ट्रान्सपोर्ट कंपन्यांकडे सोपविता येते. परंतु गोदामातून दुकानात, दुकानातून आसपासच्या गावच्या बाजारांत माल नेणारी लहान गाडी बहुतेक पेढ्यांनी स्वतःचीच ठेवलेली असते. ही गाडी जुनी झाली म्हणजे तीन मार्ग पुढे येतात. जुनीच दुरुस्त करून चालवावी, वापरलेली दुसरी घ्यावी, की नवी घ्यावी? पेट्रोलच्या गाडीबाबत हा विचार सुरू झाला की थोड्याच वेळात चर्चा एका जुन्या वादावर येऊन थांबते : कार्बुरेटर बरा की इंजेक्शन बरे?

या वादात ठाम मते पुष्कळ आणि कारणे थोडी ऐकू येतात. 'कार्बुरेटर स्क्रू-ड्रायव्हरने दुरुस्त होतो, इंजेक्शन बिघडले की गाडी क्रेननेच न्यावी लागते,' असे एक मत. 'कार्बुरेटर म्हणजे पेट्रोल ओतण्याचे भोक,' असे दुसरे. दोन्हींत काही तथ्य आहे, परंतु दोन्हीही अपुरी आहेत. ही दोन यंत्रे नेमके काय करतात हे समजून घेऊन व्यापाऱ्याच्या दृष्टीने निवड कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मूळ काम एकच

पेट्रोल इंजिनात जाळावयाचे ते केवळ पेट्रोल नव्हे, तर पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा याहून कमी पडली तर मिश्रण 'गडद' झाले असे म्हणतात. त्यात काही पेट्रोल अर्धवट जळते, प्लग काळे होतात आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अधिक निघतो. हवा जास्त झाली तर मिश्रण 'विरळ' होते. इंजिन चढावर दम तोडते, गचके देते आणि प्रमाणाबाहेर तापते. पूर्ण जोर हवा असेल तेव्हा मिश्रण किंचित गडद, म्हणजे साडेबारा-तेरा भाग हवेचे, लागते. थंड इंजिन सुरू करताना त्याहूनही गडद लागते.

याचा अर्थ असा की इंजिनला दर क्षणी वेगळे प्रमाण पाहिजे असते. कार्बुरेटर असो वा इंजेक्शन असो, दोघांचे काम एकच : किती हवा आत आली ते ओळखणे आणि तिच्या प्रमाणात पेट्रोल मोजून देणे. फरक आहे तो मोजण्याच्या रीतीत, आणि त्या मोजमापाची चूक कोण दुरुस्त करतो यात.

कार्बुरेटर कसे मापतो?

कार्बुरेटरमध्ये हवेची वाट मध्येच अरुंद केलेली असते. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंतुरी याच्या नावाने ही अरुंद नळी ओळखली जाते. शेजारच्या लहान कपात पेट्रोल भरलेले असते. पाण्याच्या टाकीत बॉलकॉक जसा पातळी राखतो तसा येथे फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. कपातील दाब बाहेरच्या हवेइतका आणि नळीतील दाब त्याहून कमी, म्हणून पेट्रोल एका बारीक छिद्रातून ओढले जाते आणि फवारा होऊन हवेत मिसळते. हे छिद्र म्हणजे जेट. हवा अधिक ओढली गेली की दाब अधिक घटतो आणि पेट्रोलही अधिक येते. अशा फवाऱ्याचा कार्बुरेटर जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने १८९३ मध्ये पुढे आणला. वीज नाही, मेंदू नाही, तरीही स्वतःच माप घेणारे हे यंत्र शंभर वर्षे जगभर चालले, यातच त्याची थोरवी आहे.

परंतु या मापाला मर्यादा आहेत. इंजिन मंद चालू असताना हवेचा वेग इतका कमी असतो की मुख्य जेटमधून पेट्रोल येतच नाही. म्हणून निराळा मंदगतीचा जेट लागतो. अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला तर हवा लगेच धावते आणि पेट्रोल मागे राहते. म्हणून लहानसा पिचकारी-पंप लागतो. थंडीत चोक लागतो. अशी एकेक उणीव भरून काढीत कार्बुरेटर गुंतागुंतीचा झाला, आणि तरीही एक उणीव राहिलीच. जेट म्हणजे ठरावीक मापाचे भोक. बाहेर पडलेल्या धुराकडे पाहून आपले माप चुकले की बरोबर आले हे त्याला कळत नाही. ते मिस्त्रीच्या कानाने आणि डोळ्यांनीच ओळखावे लागते.

आणखी एक गोष्ट. एकच कार्बुरेटर चार किंवा सहा सिलिंडरांना मिश्रण पुरवितो. जवळच्या सिलिंडरला ते सहज मिळते, टोकाच्या सिलिंडरला पोचेपर्यंत काही पेट्रोल नळीच्या भिंतींवर चिकटते. त्यामुळे सगळ्यांना सारखा वाटा मिळत नाही, आणि सर्वात विरळ सिलिंडरला पुरे पडावे म्हणून सर्वांनाच थोडे जास्त पेट्रोल द्यावे लागते.

इंजेक्शनचा उगम

इंजेक्शन म्हणजे दाबाखाली मोजून मारलेला इंधनाचा फवारा. ही कल्पना पेट्रोलच्या गाड्यांत उशिरा रुळली, परंतु डिझेल इंजिनांत ती जन्मापासूनच आहे. डिझेल इंजिनला कार्बुरेटर नसतोच. त्यात केवळ हवा दाबून तापविली जाते आणि तिच्यात डिझेलचा फवारा मारला जातो. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२७ मध्ये या कामाचा पंप मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास सुरुवात केली आणि डिझेल मालमोटारींचा मार्ग मोकळा झाला.

आपल्या देशात हा बदल लोकांच्या डोळ्यांदेखत झाला. सोलापूरच्या जैन घराण्यात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी सहकार्य करून मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९४७ पासून मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. त्या काळच्या डॉज आणि फार्गो मालमोटारी आरंभी पेट्रोलच्या आणि कार्बुरेटरच्या होत्या. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूर येथे डिझेल मालमोटारी काढण्यास सुरुवात केली. पुढे फार्गोतही पर्किन्सची डिझेल इंजिने आली. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या बंगळूरच्या मायको कंपनीचे नाव तर पंपासाठी इतके रूढ झाले की ड्रायव्हर आजही डिझेल पंपाला 'मायको पंप'च म्हणतात; ही कंपनी २००८ पासून बॉश या नावाने ओळखली जाते. म्हणजे जड मालमोटारींच्या बाबतीत कार्बुरेटर की इंजेक्शन हा निकाल आपल्याकडे फार पूर्वीच लागला. वाद उरला तो पेट्रोलच्या हलक्या गाड्यांपुरता.

पेट्रोलच्या मोटारीत विजेवर चालणारे इंजेक्शन १९६७ मध्ये फोक्सवॅगनने मोठ्या प्रमाणावर आणले. खरा निर्णायक बदल मात्र १९७६ मध्ये झाला. धुराच्या नळीत बसवून शिल्लक प्राणवायू ओळखणारा सेन्सर त्या वर्षी स्वीडनच्या व्होल्वो मोटारीत आला. तेव्हापासून इंजिनला आपल्या मापाचा पडताळा मिळू लागला. आत येणारी हवा एक सेन्सर ओळखतो, संगणक पेट्रोलचे माप ठरवितो, इंजेक्टर तितकाच वेळ उघडतो आणि धुराचा सेन्सर 'कमी पडले' किंवा 'जास्त झाले' हे लगेच कळवितो. संगणक पुढचे माप त्याप्रमाणे सुधारतो. रोजमेळ रोजच्या रोज शिलकेशी ताडून पाहावा तसा हा प्रकार आहे. कार्बुरेटरचा रोजमेळ मिस्त्री उघडून पाहील तेव्हाच तपासला जातो. धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बारीक मापावरच नीट काम करते. त्यामुळे धुराचे नियम कडक झाले तसा कार्बुरेटर मागे पडत गेला. अमेरिकेत शेवरलेच्या हलक्या मालमोटारींवर १९८७ मध्ये इंजेक्शन आले. आपल्याकडे २००० च्या सुमारास प्रवासी मोटारींतून कार्बुरेटर जवळजवळ गेला, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ मानक लागू झाल्यावर पेट्रोलच्या नव्या चारचाकी मालगाडीत त्याला जागा उरली नाही. म्हणून नवी गाडी घेणाऱ्यापुढे हा प्रश्नच नाही. तो आहे जुनी गाडी ठेवणाऱ्यापुढे आणि वापरलेली गाडी घेणाऱ्यापुढे.

घाटातील हिशेब

आता प्रत्यक्ष रस्त्यावर येऊ. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. येथे हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्के विरळ असते. गोव्यात ठीक बसविलेला कार्बुरेटर चोर्ला घाट चढून वर आला की त्याचे मिश्रण थोडे गडद होते. बेळगावात बसविलेला खाली मडगावास गेला की थोडे विरळ होते. इंदुराहून बडोद्यास उतरणाऱ्या गाडीचेही तेच. फरक फार मोठा नाही, गाडी अडत नाही. परंतु रोज जाणाऱ्या गाडीत तो वर्षभर साठत राहतो. इंजेक्शनची गाडी हवेचे माप दर क्षणी घेत असल्याने तिला हा फरक जाणवत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट घाट उतरतानाची, आणि ती प्रत्येक मालकाने आपल्या ड्रायव्हरला मुद्दाम सांगावी अशी आहे. पेट्रोल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची, क्वचित इंजिनच बंद करण्याची सवय पुष्कळ जुन्या ड्रायव्हरांना असते. कार्बुरेटरच्या काळात या सवयीला निदान एक कारण होते. गिअरमध्ये उतरतानाही कार्बुरेटर मंदगतीच्या जेटमधून पेट्रोल ओढतच राहतो. इंजेक्शनच्या गाडीत हे कारणही उरलेले नाही. गाडी गिअरमध्ये असून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि इंजिनचे फेरे मंद गतीहून बरेच अधिक असले की संगणक पेट्रोल पूर्ण बंद करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहते आणि गाडीला रोखूनही धरते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल द्यावेच लागते. म्हणजे इंजेक्शनच्या गाडीत न्यूट्रल केल्याने पेट्रोल वाचत नाही, ते खर्च होते.

आणि धोका मात्र दोन्ही गाड्यांत सारखाच. इंजिनची रोख गेली की सारा भार ब्रेकवर येतो. भरलेल्या गाडीचे ब्रेक तापून लांबच्या उतारावर पकड सोडतात. इंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार वेळा पायडल दाबताच संपते आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. चार रुपयांच्या पेट्रोलसाठी ड्रायव्हरचा जीव आणि मालाने भरलेली गाडी पणाला लावण्याची ही रीत पेढीच्या मालकाने स्पष्ट शब्दांत बंद केली पाहिजे. जो मालक केवळ 'अ‍ॅव्हरेज' विचारतो आणि ते कसे मिळविले हे विचारीत नाही, तोही या सवयीला नकळत उत्तेजन देत असतो.

इथेनॉलचा नवा प्रश्न

अलीकडे या निवडीत एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते जवळजवळ सर्वत्र पोचले. बेळगाव आणि कोल्हापूर हे ऊस पिकविणारे जिल्हे; साखर कारखान्यांच्या मळीपासून आणि उसाच्या रसापासून होणारे इथेनॉल आपल्या भागाला परिचित आहे. परंतु इंजिनच्या दृष्टीने इथेनॉल म्हणजे पेट्रोल नव्हे. पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच भाग पुरतात. म्हणून २० टक्के मिश्रणाला सुमारे साडेतेरा भाग लागतात. शुद्ध पेट्रोलसाठी कोरलेला जेट या मिश्रणावर चालविला तर मिश्रण सुमारे आठ टक्के विरळ होते. ज्या इंजिनचा कार्बुरेटर मुळातच गडद बसविलेला होता त्याला हे सोसते. जो काटकसरीने विरळ बसविलेला होता तो चढावर गचके देतो, कार्बुरेटरमधून फटफट आवाज काढतो आणि तापतो. जाणता मिस्त्री मुख्य जेट किंचित मोठा घालून ही अडचण दूर करू शकतो. इंजेक्शनच्या गाडीत धुराचा सेन्सर हा फरक ओळखून पेट्रोलचे माप आपोआप वाढवितो, अर्थात ठरावीक मर्यादेपर्यंत.

तथापि इथेनॉलचा दुसरा परिणाम दोघांनाही भोगावा लागतो. ते जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्या, वॉशर आणि फ्लोट यांना मानवत नाही आणि हवेतील पाणी ओढून घेते. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत हे पाणी तळाशी साचते आणि गंज चढतो. जुनी गाडी इंजेक्शनची असली तरी तिचे रबर या इंधनासाठी केलेले आहे किंवा नाही, हे तिच्या पुस्तिकेत पाहावे. शिवाय एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. म्हणून अ‍ॅव्हरेज थोडे घटले तर त्याचा सगळा दोष यंत्रावर ठेवू नये. दोन गाड्यांची तुलना करावयाची तर एकाच पंपाचे, एकाच प्रकारचे पेट्रोल भरून करावी.

दुरुस्तीची बाजू

कार्बुरेटरचे खरे बळ दुरुस्तीत आहे. तो बिघडतो, पण बहुधा एकदम बिघडत नाही. जेटमध्ये कचरा अडकतो, फ्लोटची सुई झिजते, गॅस्केट सुकते; गाडी कुरकुरत का होईना घरी येते. तालुक्याच्या गावातही तो उघडून साफ करणारा मिस्त्री मिळतो. मात्र असे मिस्त्री दिवसेंदिवस विरळ होत आहेत आणि अस्सल जेट, सुया, डायफ्रॅम मिळणे कठीण होत आहे. नकली जेटवर आकडा बरोबर असतो आणि छिद्र चुकीचे असते. त्या गाडीचे ट्यूनिंग कितीही वेळा केले तरी बसत नाही.

इंजेक्शनची गाडी वर्षानुवर्षे तक्रार करीत नाही, आणि करते तेव्हा कधी जागीच थांबते. तिचे दुखणे ओळखण्यास कान पुरत नाहीत. संगणकातील नोंद वाचणारे स्कॅनर-यंत्र लागते. परंतु अनुभवी मिस्त्री सांगतात की दोष बहुधा संगणकात नसतोच. तो असतो सैल झालेल्या अर्थिंगमध्ये, गंजलेल्या जोडात, अशक्त बॅटरीत, तुंबलेल्या फिल्टरमध्ये. म्हणून इंजेक्शनच्या गाडीच्या मालकाने पुढील चार नियम पाळावेत.

पहिला, टाकी पार रिकामी होऊ देऊ नये. पंप टाकीतच बसविलेला असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो. दुसरा, पेट्रोल फिल्टर व हवेचा फिल्टर वेळेवर बदलावा. तिसरा, इंजिनवर पाण्याचा जोराचा फवारा मारून गाडी धुऊ नये. चौथा नियम भुसाराच्या व्यापाऱ्यांसाठी विशेष आहे. धान्याच्या गोदामाच्या दारात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. याचा उपाय जीव मारण्याचा नव्हे. गाडीत व गाडीखाली सांडलेले धान्य रोज संध्याकाळी झाडून घ्यावे आणि गाडी पोत्यांपासून दूर उभी करावी. आपल्या आचारात ज्याला यत्नाचार म्हणतात तो येथे खिशालाही हितकारक ठरतो.

आकड्यांचा पडताळा

आता हिशेब. पुढील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकाने त्या जागी आपले आकडे घालावेत. समजा, कार्बुरेटरची गाडी लिटरला १२ किलोमीटर चालते, तशीच इंजेक्शनची गाडी १४ किलोमीटर चालते आणि पेट्रोल १०० रुपये लिटर आहे. रोज ६० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १८,००० किलोमीटर झाले. पहिल्या गाडीला १,५०० लिटर लागेल, दुसरीला सुमारे १,२८६ लिटर. वर्षाची बचत २१४ लिटर, म्हणजे सुमारे २१,४०० रुपये. इंजेक्शनच्या गाडीसाठी ६०,००० रुपये अधिक मोजावे लागले तर ते तीन वर्षांच्या आत फिटतात.

तीच गाडी केवळ गोदाम ते दुकान अशी रोज १० किलोमीटर फिरत असेल तर वर्षाचे ३,००० किलोमीटर होतात. बचत होते सुमारे ३६ लिटर, म्हणजे ३,६०० रुपये. तेच ६०,००० रुपये फिटण्यास सोळा वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि तोवर गाडीच मोडीत गेलेली असेल. एकच यंत्र एका पेढीला लाभाचे आणि दुसरीला तोट्याचे ठरते ते असे.

या हिशेबात एक रकाना बहुतेकजण विसरतात : गाडी बंद पडलेल्या दिवसांचा. समजा भाड्याच्या गाडीला दिवसाला १,५०० रुपये पडतात आणि वर्षाला चार दिवस गाडी उभी राहिली, तर ६,००० रुपये गेले. वरच्या बचतीचा चौथा हिस्साहून अधिक भाग तेथेच संपला. म्हणून आपल्या गावापासून स्कॅनर असलेली चांगली कार्यशाळा किती अंतरावर आहे, हे विचारल्यावाचून निर्णय करू नये.

आपले खरे अ‍ॅव्हरेज काढण्याची रीत सोपी आहे. टाकी पूर्ण भरावी, मीटरचा आकडा लिहावा, नेहमीप्रमाणे माल वाहून आठवड्याने त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरावी. लागलेल्या लिटरांनी किलोमीटर भागावेत. असे चार आठवडे लिहून काढले म्हणजे अंदाजाची आणि फुशारकीची गरज राहत नाही.

जुन्या गाडीवर इंजेक्शन बसवावे काय?

परदेशात जुन्या इंजिनवर कार्बुरेटरच्या जागी बसणारे इंजेक्शनचे तयार संच मिळतात, आणि हौशी लोक ते बसवितात. आपल्या कामाच्या गाडीवर हा प्रयोग करण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, बदल केवळ एका भागाचा नसतो. कार्बुरेटरला पेट्रोल पाव-अर्धा किलो दाबाने पुरते. सिलिंडरगणिक फवारा मारणाऱ्या इंजेक्शनला तीन-चार किलो लागतो. म्हणून पंप, नळ्या, परतीची नळी, धुराचा सेन्सर, वायरिंग सर्वच बदलावे लागते, आणि जुनी नळी एवढ्या दाबाखाली फुटली तर तप्त इंजिनवर पेट्रोल सांडून आग लागण्याचे भय असते. दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी-पुस्तकातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. बदल त्यात बसतो किंवा नाही हे आधी परिवहन कार्यालयात विचारावे. अपघात झाल्यावर विमा कंपनीने तो प्रश्न उपस्थित करावा, अशी पाळी येऊ देऊ नये.

सारांश असा की ज्या गाडीचे इंजिन सुस्थितीत आहे, जिचे फेरे थोडे आहेत आणि जिला जाणता मिस्त्री मिळतो, तिचा कार्बुरेटर अस्सल भाग घालून दुरुस्त करावा आणि तिला आहे तशी चालवावी. जी गाडी रोज कमावते, घाट चढते-उतरते, तिच्यासाठी कारखान्यातूनच इंजेक्शन घेऊन आलेली गाडी घ्यावी. मधला मार्ग, म्हणजे जुन्या इंजिनवर नवा संच, हौसेच्या गाडीला शोभतो. पेढीच्या गाडीला तो क्वचितच परवडतो. वापरलेली इंजेक्शनची गाडी घेताना चावी फिरविल्यावर इंजिनचा दिवा लागून, गाडी सुरू होताच विझतो की नाही ते पाहावे. दिवा मुळीच लागत नसेल तर तो काढून टाकलेला असण्याचा संभव आहे. कार्बुरेटरची गाडी घेताना थंड इंजिनवर सुरू करून पाहावी; विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष लपविते.

मापाची शुद्धता

शेवटी एक गोष्ट व्यापारी म्हणून नव्हे, तर श्रावक म्हणून. अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार आपल्या शास्त्रांत सांगितले आहेत त्यांत हीनाधिक मान-उन्मान, म्हणजे खोटे माप, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे भेसळ, यांची गणना होते. हे नियम आपण तराजूला लावतो. गाडीला लावावेत असे सहसा मनात येत नाही. परंतु स्वस्त पडते म्हणून पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलेली गाडी चालविणे ही भेसळच होय. कार्बुरेटर ती काही काळ निमूटपणे सोसतो आणि इंजिन आतून काळे होते. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर आणि कन्व्हर्टर यांचे नुकसान होते. धूर मात्र दोन्ही गाड्यांचा दुसऱ्याच्याच छातीत जातो.

आणि हे नुकसान दूरचे नाही. गोदामाच्या बंद दारात इंजिन चालू ठेवून माल भरण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. गडद मिश्रणावर चालणाऱ्या इंजिनच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. प्रथम डोके दुखते, मग चक्कर येते, आणि कोंडलेल्या जागेत माणूस शुद्ध हरपून दगावू शकतो. पोती वाहणारा हमाल 'जरा डोके धरले' एवढेच म्हणतो आणि पुढचे पोते उचलतो. गाडी जुनी ठेवावयाची की नवी घ्यावयाची, हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न आहे. परंतु माल भरताना इंजिन बंद ठेवावे, गोदामाची दारे उघडी ठेवावीत आणि वर्षातून दोनदा कार्बुरेटरचे मिश्रण यंत्रावर तपासून घ्यावे, यास फारशी ऐपत लागत नाही. हा नियम आपल्या गोदामाच्या दारावर आजच लिहून लावावा, आणि तो ड्रायव्हर व हमाल या दोघांनाही वाचून दाखवावा.